उनाइसीची अक्षरं

राइवांगातल्या आपल्या घराच्या पायरीवरून उनाइसीनं नवऱ्याला हाक मारली, की पलीकडच्या बसथांब्यावरचे दोघे-तिघे दचकून वळून बघायचे. सुवा शहरात मोठ्या आवाजाच्या बायका कमी नाहीत, पण हिचा आवाज कपड्यांच्या कारखान्यात तयार झालेला. शिलाई मशीनच्या घरघरीवरून पलीकडच्या टोकाला निरोप पोचवायचा तर तोंड उघडावंच लागे. नासिनूच्या त्या कारखान्यात तिनं उमेदीची सगळी वर्षं कापड कापण्याच्या टेबलापाशी काढली. तिनं कापलेले गणवेश घालून अर्ध्या फिजीची पोरं शाळेत गेली. मग एक दिवस कारखाना बंद झाला, आणि सत्तावन्न वर्षांची उनाइसी घरी बसली.

घरी बसली म्हणायचं एवढंच. महिनाभरात तिनं वस्तीतल्या पन्नाशीपुढच्या बायका गोळा करून नेटबॉलचा संघ उभा केला. लोक त्याला बुबूंचा संघ म्हणत. बुबू म्हणजे आजी. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची कंबर धरलेली, पण मैदानात उतरल्या की एकेकीच्या अंगात वारं भरायचं. अडचण एकच होती. प्रत्येकीच्या अंगात घरात सापडेल तो टीशर्ट. नाबुआच्या संघाशी सामना झाला तेव्हा मकेलेसीनं सलग तीनदा चेंडू समोरच्या संघातल्या बाईच्या हातात नेऊन दिला.

"ती हिरव्यात होती," मकेलेसी म्हणाली. "मला वाटलं तूच."

"मी तिच्या दुप्पट आहे," उनाइसी म्हणाली.

तेव्हा जर्सी हवी हे ठरलं. आणि तिथूनच ती सालूसालू स्टुडिओच्या जिन्यापर्यंत पोचली.

सालूसालू म्हणजे गळ्यात घालायचा फुलांचा हार. तुराकच्या चढावर चपलांच्या दुकानाच्या वर हा स्टुडिओ आहे. हॉटेलांची माहितीपत्रकं, साबणाची वेष्टनं, बँकेच्या जाहिराती अशी कामं तिथली पाच-सहा माणसं करतात. पण महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ही सगळी कामं कपाटात जातात आणि दार सताड उघडं राहतं. ज्याला वस्तीसाठी, चर्चसाठी, शाळेसाठी काही करून हवं असेल त्यानं यावं. स्टुडिओची मालकीण केलेरा लहानपणी एका पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात तासन् तास उभी राहायची. त्यानं तिला कधी हाकललं नाही, उलट एक दिवस हातात ब्रश दिला. त्या ब्रशाची फेड म्हणून हा शुक्रवार, असं ती सांगायची.

उनाइसी गेली तेव्हा बाकावर चांगलीच गर्दी होती. एकाला आजोबांच्या अंत्यविधीची पुस्तिका हवी होती, दुसऱ्याला रग्बी क्लबच्या जेवणाचं पोस्टर. तिचा नंबर रुसियाते नावाच्या तिशीतल्या माणसापाशी लागला. किडकिडीत अंगाचा, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं अगदी हळू.

"बुला, नाऊ. बसा," तो म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला फिजीत नाऊच म्हणतात. "काय करून देऊ तुम्हाला?"

"जर्सी. पुढे पक्षी हवा. झेप घेणारा. बघून नाबुआच्या बायकांना घाम फुटला पाहिजे."

त्यानं कागद ओढला, भराभर रेघा मारल्या आणि कागद तिच्याकडे फिरवला. उनाइसीनं तो जवळ धरला, लांब धरला.

"ही कोंबडी आहे."

"समुद्रघार आहे, नाऊ."

"नुकतंच अंडं घातलेली कोंबडी आहे. चेहऱ्यावर समाधान बघ तिच्या."

रुसियातेनं चष्मा काढून पुसला. "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

तिनं कोरो बेटावरच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. ते ऐकून त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्चीला पाठ टेकली.

"संपलंच मग," तो म्हणाला. "मी कंदावूचा." आणि त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं.

उनाइसीचा चेहरा असा उजळला की बाकावरची माणसं बघायला लागली. दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, म्हणून ही दोन गावं एकमेकांची तौवू. तौवूला काय वाटेल ते बोलावं, त्याची हवी ती वस्तू उचलावी, आणि त्यानं राग मानायचा नाही, ही वाडवडिलांपासूनची रीत. तिनं तिथल्या तिथे त्याचा जेवणाचा डबा पुढे ओढला आणि रोटीचा घास घेतला.

"तौवू, बटाट्यात मीठ नाही."

"तुझ्या गावात मीठ पोचलं कधी?" रुसियाते म्हणाला. त्याचं 'तुम्ही' कुठल्या कुठे पळालं होतं. "पोचलं असेल तर बोटीवरच चाटून संपवलं असेल."

पक्षी चार वेळा बदलला. शेवटचा तिला पसंत पडला. तोवर डबा रिकामा झाला होता.

हे सगळं केलेरा पलीकडच्या टेबलावरून ऐकत होती. उनाइसी निघाली तशी ती जिन्यापर्यंत आली. स्टुडिओ दरवर्षी एका माणसाला हाताशी धरून वर्षभर शिकवायचा. आजवर सगळी कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं आली होती.

"वयाची अट नाही असं मी दरवर्षी लिहिते," केलेरा म्हणाली. "कुणी ते खरं मानत नाही. नाऊ, तुम्ही याल?"

"मला चित्र काढता येत नाही."

"मग काय येतं?"

"भांडता येतं."

"तेच हवंय. माझी माणसं फार लवकर 'बरं' म्हणतात."

घरी तिचा नवरा नेमानी शेजाऱ्यांबरोबर यांगोनाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या गुंगीदार पेयाच्या, परातीभोवती मांडी घालून बसला होता. टॅक्सी चालवायची सोडल्यापासून संध्याकाळी ही बैठक ठरलेली. बायकोची बातमी ऐकून त्यानं हातातली करवंटी रिकामी केली, रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली आणि मगच तोंड उघडलं.

"शाळेत जाणार. मग डबा मी भरायचा?"

"भर."

"वेण्याही मीच घालू?"

"आधी डबा तर जमू दे तुला."

शेजारी हसले. पण सोमवारी सकाळी नेमानीनं खरंच तावियोकाचे उकडलेले कंद आणि टिनमधला मासा परतून बांधून दिला. मासा थोडा करपला होता. दुपारी तिनं तो शेवटच्या घासापर्यंत संपवला.

पहिले दिवस मजेत गेले. कॉम्प्युटरचा माउस ती तळहाताखाली धरून टेबलावर दाबत दाबत फिरवायची.

"तौवू, तो उंदीर आहे, इस्त्री नाही," रुसियाते म्हणायचा.

"तुझा शर्ट बघून वाटलं, इथे इस्त्रीचीच गरज आहे."

पण चित्र काही जमेना. पेन्सिल हातात आली की तिची बोटं आखडायची. माणूस काढला तर हात एकीकडे, पाय भलतीकडे. घर काढलं तर ते कलतं. रुसियाते समजावून सांगायचा, पुन्हा सांगायचा, आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याचा हळू आवाज आणखीच हळू व्हायचा. तो चिडला की असं होतं, हे तिला एव्हाना कळलं होतं. त्या आवाजापेक्षा त्यानं ओरडलेलं तिला परवडलं असतं.

वर्षाच्या मध्यावर स्टुडिओत शिकाऊ माणसाचं काम भिंतीवर लावतात. गिऱ्हाइकं येतात, मित्रमंडळी येतात, नारळाच्या दुधातले गोड पाव असतात. उनाइसीनं बुबूंचा संघ काढला होता, चेंडूवर झेपावणारा. एक सुटाबुटातले गृहस्थ त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि फार आपुलकीनं म्हणाले, "खेकड्यांचे रंग छान आलेत."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं दालन हसलं. रुसियाते सगळ्यांत मोठ्यानं हसला. उनाइसीही हसली, पोट धरून हसली. घरी आल्यावर मात्र ती जेवली नाही. पुढच्या सोमवारी गुडघा दुखतोय असा निरोप गेला. त्याच्या पुढच्याही सोमवारी गुडघाच दुखत होता.

"शुक्रवारी तर मैदानात धावत होतीस," नेमानी म्हणाला.

"तो दुसरा गुडघा."

शनिवारी दुपारी रुसियाते राइवांगात आला. एरवी कुणाला दुखावलं तर यांगोनाची मुळं पुढे ठेवून रीतसर माफी मागायची असते. पण तौवूची माफी मागायची सोयच नाही, कारण तौवूनं दुखावून घ्यायचंच नसतं. त्याला काय करावं सुचेना. तो सरळ स्वयंपाकघरात शिरला, झाकण उचलून बघितलं, रोऊरोऊची, म्हणजे अळूच्या पानांची, भाजी दिसली, आणि पातेलं उचलून काखोटीला मारलं.

"हे मी नेतो," तो दारात येऊन म्हणाला.

उनाइसी जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिनं मान वर केली नाही. "पातेलं परत आण."

तो निघणार तोच त्याची नजर तिच्या हातांकडे गेली. एक जुना निळा पडदा, आणि तिची कारखान्यातली भली मोठी कात्री. नेटबॉलमध्ये प्रत्येकीच्या छातीवर आणि पाठीवर तिच्या जागेची अक्षरं लागतात. जुनी अक्षरं धुण्यात गेली होती, म्हणून ती नवी कापत होती. ना खडूची खूण, ना कागदाचा नमुना. कात्री जागच्या जागी चालत होती आणि डावा हात कापड फिरवत होता, आणि पात्यांमधून जी नावाचं अक्षर बाहेर पडलं. त्याचं पोट कॉलरसारखं वळलेलं. मग एस आला, बाहीच्या मुंढ्यासारखा, खाली थोडा जड. मग डब्ल्यू, दोन्ही पाय रोवून उभा.

रुसियाते पातेलं मांडीवर घेऊन खाली बसला. त्याच्या पँटला भाजीचा ओघळ लागला.

"हे कुणी काढून दिलं?"

"काढायचं कशाला? कापायचंय ना?"

"राइवांगा काप."

"नेटबॉलला लागत नाही ते."

"तौवू, काप."

तिनं कापलं. राइवांगातला 'ंग' फिजीत क्यूनं लिहितात; तो शेवटाकडचा क्यू आला तेव्हा त्याची शेपटी खिशाच्या कोपऱ्यासारखी गोल फिरून वर आली. रुसियातेनं सातही अक्षरं चटईवर ओळीनं मांडली आणि चष्मा काढून डोळे चोळले. अक्षरं हा त्याचा जीव की प्राण. दुकानांच्या पाट्या बघत चालताना तो दोनदा गटारात पडला होता.

"खेकड्यांना हसलो ते..." तो म्हणाला.

"खेकडेच होते ते," उनाइसी म्हणाली. "मीही बघितलं नंतर. नांग्या तेवढ्या राहिल्या होत्या." आणि मग ती खरं हसली. "भाजी खायचीय की नेसायचीय?"

सोमवारी दोन्ही गुडघे बरे झाले. स्टुडिओतल्या तिच्या टेबलावरून कॉम्प्युटर बाजूला सरकला आणि तिथे रंगीत कागदांचा ढीग आला. सगळी अक्षरं, मोठी आणि लहान, तिनं कापून काढायची आणि रुसियातेनं ती कॉम्प्युटरवर चढवायची, असं ठरलं. भांडणं तर आता खरी सुरू झाली. एकेक अक्षर देखणं होतं, पण शब्दात बसवलं की एकमेकांच्या अंगावर पडायचं.

"मध्ये जागा हवी," रुसियाते म्हणायचा.

"कशाला? चर्चच्या बाकावर माणसं कशी घट्ट बसतात."

"चर्चच्या बाकावर बसलेल्यांना कुणी वाचत नाही."

तिनं अक्षरं सरकवली, लांब जाऊन बघितली, पुन्हा सरकवली. दोन अक्षरांमधली रिकामी जागाही कापावीच लागते, ती फक्त हातात येत नाही, हे तिला त्या दिवशी उमगलं, आणि रात्रीच्या जेवणाला तिनं ते नेमानीला इतक्या वेळा सांगितलं की तो म्हणाला, "आता आपल्या दोघांत थोडी जागा सोड आणि जेवू दे."

त्याच सुमारास वस्तीतलं महिला मंडळ केलेराकडे आलं. साखरेच्या आजारानं राइवांगात कुणाचा पाय गेला होता, कुणाची नजर. मंडळ दरवर्षी मोफत तपासणी भरवायचं, स्टुडिओ दरवर्षी फुकट पोस्टर करून द्यायचा, आणि दरवर्षी नर्सबाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसायच्या. उनाइसीनं मागच्या वर्षीचं पोस्टर हातात घेतलं. वर फुलं, खाली 'सर्वांचे सहर्ष स्वागत'.

"हे वाचून कोण उठेल? मी नाही उठणार."

"मग काय लिहाल, नाऊ?" केलेरानं विचारलं.

"तौवूला बोलावतात तसं बोलवायचं." आणि तिनं सांगितलं, "ए तीन चमचेवाल्या, तुलाच म्हणतेय. शनिवारी ये, बोट टोचून घे, मग पी तुझा चहा."

रुसियातेनं लगेच लिहून घेतलं. उनाइसीनं आणखी दोन सांगितली. त्यातलं एक पोटाच्या घेरावर होतं. ते केलेरानं काढून टाकलं.

"लोक हसतील त्यावर," उनाइसी म्हणाली.

"ज्याचं पोट आहे तो नाही हसणार. तो घरी बसेल, आणि आपल्याला तोच हवाय."

उनाइसीला खेकडे आठवले असावेत. ती कात्री घेऊन पुढच्या अक्षराला लागली.

पोस्टरं बसथांब्यांवर, बाजारात, चर्चच्या दारावर लागली. जाड जाड निळी अक्षरं लांबूनच हटकायची. माणसं थांबायची, वाचायची, आणि शेजारच्याला कोपरानं ढोसायची. "तुझ्याबद्दल लिहिलंय बघ."

चर्चचे वडीलधारे अपिसाइ यांना मात्र हे आपल्याचबद्दल लिहिलंय याची खात्री पटली. शनिवारी सकाळी ते कडक इस्त्रीचा सुलू लुंगीसारखा नेसून, छत्री टेकत तपासणीच्या जागी हजर झाले. रांग रस्त्यापर्यंत आली होती. दारात उनाइसी उभी होती.

"हे माझ्यावर लिहिलंय," ते म्हणाले. "अख्ख्या वस्तीसमोर."

"तुम्ही चहात किती चमचे घालता?"

"पाच."

"मग तुमच्यावर कसं? तीनच लिहिलेत."

रांग खदखदून हसली. अपिसाइंनाही हसू आवरेना, ते मिशीत लपवत ते खुर्चीवर बसले, आणि आलोच आहोत तर म्हणून बोट पुढे केलं. नर्सबाईंनी यंत्रावरचा आकडा बघितला, पुन्हा एकदा सुई टोचून बघितला, आणि त्यांना हळूच आतल्या खोलीत नेलं.

ते बाहेर आले तेव्हा छत्री आतच विसरले होते. उनाइसीनं लिंबाच्या पानांचा बिनसाखरेचा चहा आणून त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसली.

"आकडा बराच आहे म्हणाल्या," अपिसाइ म्हणाले. "पण डोळे, पाय अजून ठीक आहेत. वेळेवर आलात म्हणाल्या. गोळ्या दिल्यात. रोज चालायला सांगितलंय."

"मला वाईट वाटतंय."

"कशाचं? मी भांडायला म्हणून आलो, नाहीतर आलो नसतो." त्यांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "पुढच्या वर्षी मात्र पाच लिही. म्हणजे माझ्यासारखे बाकीचेही भांडायला येतील."

दुपारी तपासणीच्या पट्ट्या संपल्या आणि नर्सबाईंनी आणखी आणायला गाडी पाठवली. अपिसाइ दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले. चालायला सपाट जागा म्हणजे नेटबॉलचं मैदान. फेऱ्या मारता मारता ते बायकांच्या चुका दाखवायला लागले, तेव्हा उनाइसीनं त्यांच्या हातात शिटी देऊन पंच करून टाकलं. नाबुआविरुद्धच्या सामन्यात त्यांनी उनाइसीलाच दोनदा बाहेर काढलं. बुबूंचा संघ हरला, पण या वेळी मकेलेसीनं चेंडू आपल्याच माणसांना दिला, आणि हरल्यावरही मैदानावर नाच झाला.

वर्ष संपताना स्टुडिओची पूर्ण भिंत तिच्या अक्षरांनी भरली. या अक्षरांना नाव काय द्यायचं यावर पुन्हा भांडण. केलेरा म्हणाली उनाइसी, उनाइसी म्हणाली नेटबॉल, आणि रुसियातेनं दोघींना न विचारता तौवू असं नाव कॉम्प्युटरवर टाकूनही दिलं होतं. ज्या कुणाला वस्तीच्या कामासाठी ती हवी असतील त्यानं खुशाल घ्यावीत, असं उनाइसीनं जाहीर केलं. तौवूची वस्तू उचलायला परवानगी लागत नाही. रविवारच्या शाळेवर ती लागली, बेकरीवर लागली, नाऊसोरीच्या एका बसच्या कपाळावर चढली.

केलेरानं तिला जाऊ दिलं नाही. शेवटच्या शुक्रवारी दारापासचं पहिलं टेबल आता उनाइसीचं असतं. लोकांना काय हवंय ते ती विचारते, आणि मग त्यांना खरं काय हवंय ते सांगते. नव्या वर्षाला शिकायला बंदरावर क्रेन चालवलेला एक पन्नाशीचा माणूस आला. आपल्याला काहीच येत नाही असं तो म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्यापुढे पेन्सिल, कात्री, ब्रश, दोरा, चिकणमाती असं सगळं मांडलं आणि म्हणाली, "सावकाश बघ. मी चहा टाकते."

नेमानीचा हात स्वयंपाकाला एवढा बसला की शेजारी परातीभोवती गप्पा मारताना त्याला मसाल्याचं प्रमाण विचारतात. एका रविवारी संध्याकाळी दोघं नासेसेच्या समुद्रकठड्यावर बसली होती. ओहोटी लागली होती, पोरं चिखलात रग्बी खेळत होती. आइस्क्रीमची गाडी येऊन उभी राहिली. नेमानीनं डोळे बारीक करून गाडीवरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं.

"अक्षरं तुझीच ना ही?"

"माझी."

"छान बसलीत. मोकळी."

"रुसियातेनं सरकवलीत थोडी," ती म्हणाली. नेमानी उठून एक आइस्क्रीम घेऊन आला. तिनं आधी आपल्या बाजूनं चाटलं, मग कोन त्याच्याकडे फिरवला.